वीस रुपयांचा शेअर म्हणजे स्वस्त बँक नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी बँकेत काउंटरला नोकरी करून रिटायर झालेली बाई आहे, पेपर रोज वाचते पण पत्र पहिल्यांदाच लिहितेय, तेही मोबाईलवर टाईप करून, त्यामुळे काना-मात्रा इकडेतिकडे झाली तर सांभाळून घ्या. लिहायचं कारण तुमच्या अर्थविषयक पानावरचं ते हेडिंग, की एकेकाळी ४०० रुपयांवर असलेला येस बँकेचा शेअर आता विशीत मिळतोय, गुंतवणूकदारांना संधी? शेवटचं प्रश्नचिन्ह बघितलं मी. प्रश्नचिन्ह टाकलं की आपण काही म्हटलंच नाही असं होतं, ही सोय आम्हाला काउंटरवर नव्हती, आम्हाला सही करावी लागायची.

भाच्याने मला शेअरवाल्यांच्या दोन-तीन ग्रुपमध्ये घातलंय. "मावशी, तू बँकेत होतीस, तुझं ऐकतील" म्हणाला. ऐकत कोणी नाही, पण मी वाचते सगळं. तुमचं कात्रण त्या दिवशी सकाळी नऊच्या आत चार जणांनी टाकलं, एकाने वर रॉकेट लावलं, एकाने हात जोडले, एकाने नुसतं "बोललो होतो ना" लिहिलं, आणि खाली मग नेहमीची गाडी सुरू की भरा, ॲव्हरेज करा, ऑपरेटर माल गोळा करतोय, रिटेलवाल्याला घाबरवून बाहेर काढतायत, वीसला घेतला आणि परत चारशे झाला तर वीसपट, पोरांचं शिक्षण निघालं. कोणी शंका काढलीच तर त्याला एकच उत्तर मिळतं, "आरबीआय बँक बुडू देणार नाही."

आता हे वाक्य बऱ्यापैकी खरं आहे हो. घोळ तिथेच आहे. मोठी बँक बुडू देत नाहीत, पण वाचवतात कशी, आणि वाचवल्याची पावती कोणाच्या नावाने फाडतात, हे त्या ग्रुपात कोणी बघत नाही आणि तुमच्या बातमीतही त्यावर एक ओळ नव्हती.

येस बँकेबद्दल माझी स्वतःची काही तक्रार नाही आधीच सांगते, तिचं उदाहरण घेते कारण सगळे आकडे उघड आहेत. चारशेचा भाव होता ऑगस्ट २०१८ मध्ये. तेव्हा बँकेचे एकूण शेअर होते साधारण २३० कोटी. गुणाकार करा, ९२ हजार कोटी होतात, म्हणजे बाजाराच्या हिशोबाने अख्ख्या बँकेची किंमत तेवढी. पुढच्याच महिन्यात रिझर्व्ह बँकेने बँकेचे प्रमुख राणा कपूर यांना जानेवारी २०१९ च्या पुढे मुदतवाढ द्यायची नाही असं ठरवलं, शेअर गडगडायला लागला, बुडीत कर्जं बाहेर यायला लागली आणि ५ मार्च २०२० ला मोरॅटोरियम लागलं, म्हणजे व्यवहारांवर बंधनं आली, खात्यातून जास्तीत जास्त ५० हजार काढता येतील असं सांगितलं. दुसऱ्या दिवशी शेअर साडेपाच रुपयांपर्यंत जाऊन आला आणि बंद होताना सोळाच्या आसपास होता. त्या एका दिवसात कोणी काय काय विकलं असेल याचा विचार केला तरी पोटात गोळा येतो.

मग बँक वाचवली. स्टेट बँक पुढे झाली, तिच्याबरोबर एचडीएफसी, आयसीआयसीआय, ॲक्सिस, कोटक वगैरे, सगळ्यांनी मिळून १० हजार कोटी घातले. पण फुकट नाही घातले, १० रुपयाला एक याप्रमाणे शेअर घेतले. म्हणजे १ हजार कोटी नवे शेअर एका फटक्यात छापले गेले, आधीचे तोवर २५५ कोटी झाले होते. त्याने भागलं नाही म्हणून जुलै २०२० मध्ये १२ रुपयांनी एफपीओ आणला, म्हणजे नवे शेअर लोकांना विकायला काढले, १५ हजार कोटींचा, परत साडेबाराशे कोटींच्या आसपास नवे शेअर. मग २०२२ च्या शेवटी कार्लाईल आणि ॲडव्हेंट या परदेशी फंडांना दिले, त्यांचे वॉरंट, म्हणजे ठरल्या भावाने पुढे शेअर घ्यायचा हक्क, नंतर शेअरमध्ये बदलले, आणि असं करत करत आज एकूण शेअर ३१०० कोटींच्या वर गेलेत. २३० चे ३१०० कोटी.

आता विशीतला भाव २२ रुपये धरा आणि ३१०० ला त्याने गुणा. ६८ हजार कोटी आले. म्हणजे शेअरचा भाव ४०० वरून २२ वर आला, शंभरातले चौऱ्याण्णव गेले, पण अख्ख्या बँकेची बाजारातली किंमत ९२ हजार कोटींवरून ६८ हजार कोटी, जेमतेम पाव भाग कमी. हे दोन्ही एकदम खरं कसं असेल असं भाच्याने मला दोनदा विचारलं. असतं. सातबारा डोळ्यासमोर आणा, जमीन जवळजवळ तेवढीच आहे पण उताऱ्यावर नावं वाढलीत, पूर्वी तेवीस जणांत होती ती आता तीनशे दहा जणांत आहे, आणि जुन्या मालकाच्या वाट्याला गुंठा उरलाय. त्या गुंठ्याचा भाव बघून कोणी म्हणत नाही की शेत स्वस्त मिळतंय, पण शेअरच्या बाबतीत रोज म्हणतात, आणि तुम्ही हेडिंगमध्ये छापता.

बरं, परत ४०० व्हायचा असेल तर काय व्हावं लागेल तेही बघा. ३१०० गुणिले ४००, साडेबारा लाख कोटींच्या घरात. २०२५ च्या मध्याला स्टेट बँकेची, म्हणजे देशातल्या सगळ्यात मोठ्या सरकारी बँकेची, बाजारातली किंमत सात-साडेसात लाख कोटी होती. म्हणजे ग्रुपमधल्या लोकांचं म्हणणं असं की ही बँक स्टेट बँकेला मागे टाकून वर आणखी पाच लाख कोटी जाईल. जाईलही बाई, मी कोण सांगणारी, पण निदान आपण काय म्हणतोय हे म्हणताना माहीत असावं. मी हा गुणाकार ग्रुपवर टाकला होता. एकाने विचारलं "मॅडम तुम्ही शॉर्ट करून बसल्यात का?" मला शॉर्ट म्हणजे काय हे भाच्याला विचारावं लागलं, तर भाव पडला की फायदा होईल असा सौदा.

ठेवीदाराचं मात्र काय झालं बघा. १८ मार्च २०२० ला संध्याकाळी बंधनं उठली, तेरा दिवसांत. एका रुपयाचंही नुकसान नाही. ज्यांच्याकडे शंभरपेक्षा जास्त शेअर होते त्यांचे शंभरातले पंचाहत्तर शेअर तीन वर्षं लॉक करून टाकले, विकता येणार नाहीत म्हणून. हे मला आजही पटत नाही, छोट्या माणसाने बँकेत घोटाळा केला नव्हता, त्याला बाहेर पडायची वाट तरी ठेवायची होती. आणि ज्यांनी एटी-वन बाँड, म्हणजे बँक अडचणीत आली तर रद्द होऊ शकणारे कर्जरोखे, घेतले होते, त्यात रिटायर लोकही होते, त्यांचे ८४०० कोटी कागदावरून पुसले गेले, ते प्रकरण कोर्टात गेलं. ठेवीदार म्हणजे बँकेला उसने देणारा माणूस, त्याला आधी वाचवतात, आणि शेअरहोल्डर म्हणजे मालक, मालकाने सगळ्यात शेवटी उभं राहायचं असतं. काउंटरच्या अलीकडे आणि पलीकडे जेवढा फरक तेवढा हा फरक आहे, पण ग्रुपवर "बँक बुडू देणार नाही" म्हणताना ठेवीदाराचं कवच शेअरहोल्डर स्वतःच्या अंगावर चढवतो. ते त्याच्या मापाचं नाहीच.

आणि ज्यांना वाटतं की कमीत कमी काहीतरी तरी हातात राहतं, त्यांनी लक्ष्मी विलास बँक आठवावी. तामिळनाडूतल्या करूरची, १९२६ सालची बँक. नोव्हेंबर २०२० मध्ये मोरॅटोरियम लागलं, २५ हजारांची मर्यादा, आणि दहा दिवसांत ती डीबीएस या दुसऱ्या बँकेत विलीन. ठेवीदार सगळे सुखरूप. शेअर? शून्य. चार रुपये नाही, चार आणे नाही, शेअरच रद्द. म्हणजे बँक वाचली हे तिथेही खरंच आहे की. मधल्या दिवसांत तो शेअर बाजारात विकला जात होता, आणि विकणाऱ्यासमोर घेणारा असतोच, कोणीतरी "एवढा पडलाय, आता अजून किती पडणार" म्हणून घेतच असणार. शून्यापर्यंत पडतो हे उत्तर आहे.

आता चालू घडामोडींचं. आमच्या ग्रुपवर जगातली कुठलीही बातमी आली की ती त्याच एका शेअरच्या चुलीत घालतात. निवडणूक, रेपो रेट, युद्ध, बजेट, कोर्टाचा निकाल, सगळ्याचा अर्थ एकच, शेअर वर जाणार. पडला तर "मोठ्या लोकांनी पाडला." २०२१ च्या बजेटमध्ये दोन सरकारी बँका खासगी करणार असं जाहीर झालं, कुठल्या ते सांगितलं नव्हतं, पण तेव्हापासून प्रत्येक अधिवेशनाच्या आधी कोणीतरी एका बँकेचं नाव पक्कं करून टाकतो, "आतली बातमी" म्हणून, आणि लोक घेतात. ४ जून २०२४ ला निकालाच्या दिवशी निफ्टी जवळपास सहा टक्के पडला, सरकारी बँका त्याहून जास्त आपटल्या, आदल्या दिवशी एक्झिट पोल बघून घेतलेले लोक ग्रुपवर एकमेकांना देशद्रोही म्हणायला लागले कारण एकाने विकून टाकले होते. दोघं ग्रुप सोडून गेले. त्यातला एक परत आलाय.

मे २०२५ मध्ये जपानच्या सुमितोमो मित्सुई बँकिंग कॉर्पोरेशनने येस बँकेत २० टक्के हिस्सा घ्यायचं ठरवलं, ही तर खरी आणि मोठी बातमी होती, बँकेसाठी चांगलीही म्हणेन मी, एवढी मोठी बँक मागे उभी राहतेय. पण ग्रुपवर लगेच "जपानचे १३ हजार कोटी बँकेत येणार." कुठून येणार? ते शेअर स्टेट बँकेने आणि बाकीच्या सात बँकांनी विकले, जुने शेअर, साडेएकवीस रुपयांनी, म्हणजे पैसे त्या विकणाऱ्या बँकांना मिळाले, येस बँकेच्या तिजोरीत त्यातला रुपया आला नाही. उलट २०२० मध्ये १० रुपयांनी घेतलेला शेअर स्टेट बँकेने पाच वर्षांनी साडेएकवीसला विकला, म्हणजे आपण ज्याला "आता पळणार" म्हणतो तिथे सगळ्यात शहाणा माणूस आपला अर्ध्याहून जास्त वाटा विकून नफा खिशात घालून गेला, असंही वाचता येतं ना ते? पण तुमच्या पेपरातही तेव्हा "जपानी बँकेची येस बँकेत गुंतवणूक" एवढंच होतं. गुंतवणूक म्हटलं की माणसाला वाटतं पैसे आत आले.

मी हे सगळं एवढं तावातावाने लिहितेय त्याला एक जुनं कारण आहे. आमच्या शाखेत, बँकेचं नाव नाही लिहीत, एकदा कोणीतरी सोडलं की बँक बंद होतेय. तेव्हा मोबाईल असे हातोहाती नव्हते, अफवा चालत यायची. दहा वाजता शटर उघडलं तर चाळीस माणसं. आमचे साहेब अनुभवी होते, ते म्हणाले कोणाला काही समजावत बसू नका, पैसे द्या, पटापट द्या, हसून द्या, दोन जादा काउंटर उघडा, रांग दरवाज्याबाहेर दिसता कामा नये. रांग रस्त्यावर दिसली की तीच जाहिरात होते. दुपारी दोनपर्यंत शाखा रिकामी झाली, चार दिवसांनी तीच माणसं तेच पैसे परत भरायला आली, काहींनी तर बंडलाची पट्टीही काढली नव्हती, आमच्याच सहीची. साहेब त्या रात्री किती वाजता घरी गेले मला माहीत नाही.

तेव्हापासून मला कळतं की साबणाच्या कंपनीबद्दल खोटं बोललं तर साबणाचा विक्री-नफा तोच राहतो, पण बँकेबद्दल बोललं की त्या बोलण्यानेच बँक आजारी पडू शकते, चांगली असली तरी. मार्च २०२५ मध्ये इंडसइंड बँकेचं बघितलंत ना. डेरिव्हेटिव्हच्या, म्हणजे पुढच्या भावांवर बेतलेल्या सौद्यांच्या, हिशोबात फरक सापडलाय हे १० तारखेला बँकेने स्वतः जाहीर केलं, दुसऱ्या दिवशी शेअर एका दिवसात २७ टक्के पडला. शेअर पडणं ठीक आहे, मालकाला धक्का बसणारच, चूक बँकेची होती, पुढे एमडींनी राजीनामाही दिला. पण शेअर पडल्याचा स्क्रीनशॉट बघून ठेवीदार घाबरायला लागले आणि १५ तारखेला रिझर्व्ह बँकेला खुलासा काढावा लागला की बँकेकडे भांडवल पुरेसं आहे, ठेवीदारांनी अटकळींकडे लक्ष देऊ नये. माझं मत विचाराल तर तो खुलासा दोन दिवस आधी यायला हवा होता. आमच्या ग्रुपवर त्या चार दिवसांत एकजण मेसेज टाकत होता "एफडी मोडा", आणि तोच माणूस संध्याकाळी "खाली घ्यायची संधी." म्हणजे ठेव काढा आणि शेअर घ्या. उलटं आहे हो सगळं. पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा आहे, फेब्रुवारी २०२० पासून, आधी एक लाखाचा होता. शेअरला काहीच नाही.

शेअर बाजारावर देखरेख करणारी सेबी नियम करत नाही असं नाही म्हणत मी. मोठ्या अडीचशे कंपन्यांबद्दल अफवेने भाव हलला तर चोवीस तासांत खरं-खोटं सांगायचं असा नियम डिसेंबर २०२४ पासून आहे. शेअर मार्केट शिकवणाऱ्यांनी तीन महिन्यांच्या आतले भाव दाखवायचे नाहीत असंही जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं. त्यावर तोडगा निघालाय, प्रत्येक टिपेखाली आता "ओन्ली फॉर एज्युकेशनल पर्पज" लिहिलेलं असतं. आमच्या ग्रुपचा ॲडमिन तर गुड मॉर्निंगखाली पण लिहितो.

म्हणून सेबीला नाही, तुम्हालाच लिहिलं. पेपरात छापलं की ते खरं, असं मानणारी माणसं अजून आहेत आणि ग्रुपवर सगळ्यात जास्त वजन तुमच्या कात्रणाला आहे, यूट्यूबवाल्याला नाही. माझं मागणं एवढंच की बँकेच्या शेअरचा भाव छापताना शेजारी एकूण शेअर किती आणि त्याने गुणून येणारी किंमत किती हे छापा, आणि जुन्या भावाशी तुलना केलीत तर तेव्हाची तीच किंमतही. एक ओळ लागते. हिस्सा विकला गेल्याची बातमी असेल तर पैसे बँकेला मिळाले की विकणाऱ्याला, हे पहिल्या दोन वाक्यांत लिहा. "सूत्रांनुसार" असेल तर त्या बँकेने शेअर बाजाराला काय कळवलंय ते बघून तेही द्या, बीएसईच्या साईटवर सगळं फुकट दिसतं, माझ्यासारख्या बाईला सापडतं तर तुमच्या उपसंपादकाला सापडेलच. तिमाही निकालात नफा किती वाढला याच्याबरोबर बुडीत कर्जं आणि त्यासाठी बाजूला काढलेली रक्कम द्या, कारण नफा तिथे लपतो पण आणि फुगतो पण. आणि तो "स्वस्त" शब्द भाजीसाठी ठेवा.

भाच्याकडे येस बँकेचे शेअर आहेत, किती ते सांगत नाही, विक म्हणून मी सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही, त्याचे पैसे आहेत. फक्त त्याला ३१०० चा आकडा पाठ झालाय. परवा ग्रुपवर कोणीतरी चारशेचं टार्गेट टाकलं तर याने खाली नुसतं "साडेबारा लाख कोटी?" एवढंच लिहिलं, आणि अर्ध्या तासात ॲडमिनने त्याला काढून टाकलं. मला अजून ठेवलंय. हे पत्र छापलंत तर कात्रण मीच तिथे टाकणार आहे.

आपली,
काउंटर नंबर तीनवर बसलेली एक वाचक